हजिऱ्याचे गेट आणि दहावीनंतरची दोन वर्षे

दहावीचा निकाल लागला की उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली, पांडेसरा या आपल्या वस्त्यांमधून एकच प्रश्न घरोघरी फिरू लागतो : "आता पोराला कुठे लावायचं?" उत्तरेही बहुतेक ठरलेली असतात. मार्केटमध्ये ओळख असेल तर रिंगरोडला कापडाच्या दुकानावर, ओळख नसेल तर लूमच्या खात्यात नाहीतर एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर, आणि थोडी ऐपत असेल तर अकरावीत नाव घालून 'पुढचे पुढे पाहू'. हिऱ्याच्या घंटीवर बसवणे हाही एक मार्ग होता, पण गेल्या दोन-तीन वर्षांच्या मंदीत तिथले जुने कारागीरच घरी बसलेले आपण पाहिले.

याच शहरातून दररोज पहाटे कंपन्यांच्या बसगाड्या हजिऱ्याकडे निघतात. आम्ही या शाळेचे सहा-सात माजी विद्यार्थी त्या रस्त्याने जा-ये करतो. कोणी वायूच्या प्लांटमध्ये पाळीवर आहे, कोणी बॉयलरवर, कोणी ठेकेदाराकडे वेल्डर आहे, एक जण काक्रापारला आहे. रस्त्यात मराठी पुष्कळ ऐकू येते. मात्र ती ठेकेदाराच्या टेम्पोत जास्त आणि कंपनीच्या बसमध्ये कमी. टेम्पोतली आणि बसमधली मुले एकाच वस्तीतली, एकाच शाळेतली असतात. मग हा फरक कशाने पडतो, याविषयी आम्हांला जे दिसते ते पालकांपुढे, विद्यार्थ्यांपुढे आणि विश्वस्त मंडळींपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

आधी आपल्या आसपास आहे तरी काय ते पाहू. सुरत म्हटले की लोकांना साडी आणि हिरा आठवतो, पण आपला हा पट्टा वायू, वीज आणि कोळसा यांचाही आहे. १९६० साली अंकलेश्वरला खनिज तेल सापडले. पुढे वसईसमोरच्या समुद्रात वायूचे मोठे साठे मिळाले आणि तो वायू समुद्राच्या तळावरून दोनशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या नळांतून हजिऱ्याला आणला गेला. ओ.एन.जी.सी.चा तिथला प्रकल्प १९८५ पासून चालू आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्याजवळचा वायू पोटासाठी सुरतेला आला आणि इथलाच झाला, अगदी आपल्या आजोबा-पणजोबांसारखा! या वायूवर कृभकोचे युरिया खत बनते, कवासला एन.टी.पी.सी.ची वीज बनते. परदेशातून जहाजाने येणारा द्रवरूप वायू उतरवण्याचे टर्मिनल हजिऱ्याला २००५ मध्ये सुरू झाले. कामरेजकडे वायूवर चालणारे 'सुजेन' वीज केंद्र आहे. उकाईला धरणाची वीज आहे आणि कोळशाचीही. काक्रापारच्या अणुवीज केंद्रात २२० मेगावॅटचे दोन जुने संच होते, त्यांच्या जोडीला ७०० मेगावॅटचे दोन नवे संच २०२३ आणि २०२४ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. देशी बनावटीचे ७०० मेगावॅटचे हे पहिले संच. आणि खाणी पाहण्यासाठी तर झारखंडला जायलाच नको. मांगरोळ तालुक्यात वस्तान आणि मांडवी तालुक्यात तडकेश्वर येथे लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. नानी नरोलीचे ५०० मेगावॅटचे केंद्र अशा लिग्नाइटवरच चालते.

एवढे सगळे पन्नास-साठ मैलांच्या आत असताना आपल्या मुलांचे पाऊल तिथे पडते ते हेल्पर म्हणूनच का? "आपली वट नाही" हे उत्तर आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आम्हांला ते पटत नाही. वशिला कुठेच चालत नाही असे आम्ही म्हणणार नाही, पण खरे कारण त्याहून साधे आहे आणि ते वयाच्या हिशोबात दडलेले आहे.

दहावी पास झालेला मुलगा सोळा वर्षांचा असतो. धोक्याच्या उद्योगात शिकाऊ उमेदवार व्हायचे तर अठरा वर्षे पूर्ण लागतात. खाणीतल्या कामालाही अठराच लागतात. जुन्या खाण कायद्यात हेच होते आणि नव्या श्रमसंहितेतही हेच आहे. म्हणजे सोळा ते अठरा या दोन वर्षांत कोणतीही धड कंपनी मुलाला गेटच्या आत घेणार नाही. आय.टी.आय.चे फिटर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा केमिकल प्लांटचा अटेंडंट ऑपरेटर हे ट्रेड मोजून दोन वर्षांचेच आहेत. वेल्डरचा तर एकच वर्षाचा. जो मुलगा ही दोन वर्षे मजुरा गेटच्या किंवा जवळच्या आय.टी.आय.मध्ये काढतो, तो अठराव्या वर्षी प्रमाणपत्र घेऊन गेटवर उभा राहतो. जो ती मार्केटमध्ये गठ्ठे उचलण्यात घालवतो, तोही अठराव्या वर्षी त्याच गेटवर येतो, पण त्याच्याकडे दाखवायला काही नसते. टेम्पो आणि बस यांतला फरक आमच्या मते इथे पडतो.

सोळाव्या वर्षी घरात येणारे आठ-दहा हजार रुपये कोणत्याही आईला नको नसतात. पण त्या पगाराची किंमत नंतर वीस वर्षे मोजावी लागते, हे सांगणारे वडीलधारे आपल्याकडे कमी पडतात, असे आम्हांला वाटते.

हेल्परचे काम कसे असते ते पालकांना ठाऊक असावे. मोठे प्लांट ठरावीक काळाने काही आठवडे बंद ठेवून आतून उघडतात, साफ करतात, दुरुस्त करतात. याला शटडाऊन म्हणतात. त्या काळात ठेकेदारांना शेकडो माणसे लागतात : हेल्पर, रिगर, ग्राइंडर मारणारे, मचाण बांधणारे. मुलाला गेटपास मिळतो, हेल्मेट मिळते, बारा-बारा तासांच्या पाळ्या मिळतात आणि हाती बरे पैसे येतात. मोहल्ल्यात सांगायला "मी अमुक कंपनीत आहे" असेही होते. शटडाऊन संपला की गेटपास परत द्यायचा. मग पुढच्या शटडाऊनपर्यंत घरी, किंवा ठेकेदार नेईल तिकडे जामनगर, दहेज, पानिपत. पाच वर्षांनीही तो हेल्परच असतो, कारण हेल्परीचे प्रमाणपत्र कोणी देत नाही.

तरीही या कामाला आम्ही नावे ठेवणार नाही. आमच्यातल्या एकाची सुरुवात तशीच झाली. त्याने एक केले, दुपारच्या सुट्टीत तो वेल्डरजवळ बसू लागला. आधी प्लेटवर, मग पाईपवर, आणि शेवटी ४५ अंशांत तिरक्या बांधलेल्या पाईपवर. ही परीक्षा सर्वांत अवघड, कारण पाईप हलवता येत नाही, वेल्डरला स्वतःच त्याच्याभोवती फिरावे लागते, आणि जोडाचा एक्स-रे काढून आत पोकळी राहिली का ते तपासतात. बॉयलरच्या आणि जास्त दाबाच्या नळांवर काम करायचे तर अशी परीक्षा द्यावीच लागते. ती पास झाल्यावर त्याची मजुरी दुपटीहून अधिक झाली. ठेकेदाराकडेच जायचे असेल तर असे काही हातात घेऊन जावे. आणि पहिल्या दिवसापासून तीन गोष्टी मागाव्यात : नेमणूकपत्र, बँकेत जमा होणारा पगार आणि पी.एफ.चा नंबर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेनुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकाला बंधनकारक आहे. ते मागितले म्हणून उद्धटपणा होत नाही.

आता शिकाऊ उमेदवारीविषयी, म्हणजे अ‍ॅप्रेंटिसशिपविषयी. याबाबत आपल्याकडे दोन टोकांचे समज आहेत. एक म्हणजे "ओ.एन.जी.सी.त लागला, आता जन्माची ददात मिटली." दुसरा म्हणजे "वर्षभर फुकट राबवून घेतात आणि घरी पाठवतात." दोन्ही खरे नाहीत. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे आणि उमेदवारी संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन तो मालकावर घालत नाही, हे आधीच समजून असावे. पण वर्षभर विद्यावेतन मिळते, चालत्या यंत्रावर हात बसतो आणि शेवटी राष्ट्रीय पातळीचे प्रमाणपत्र मिळते. पुढची जाहिरात वाचताना 'अनुभव' या रकान्यात लिहायला काहीतरी असते. ओ.एन.जी.सी.च्या शिकाऊ उमेदवारांसाठी वयाची मर्यादा साधारण १८ ते २४ अशी असते आणि निवड मागच्या परीक्षेच्या गुणांवर होते, वेगळी लेखी परीक्षा नसते. याचा अर्थ विद्यार्थी मित्रांनी नीट ध्यानात घ्यावा : आय.टी.आय.त "पास झालो की झाले" असे चालणार नाही. तिथले गुण तुमच्यासाठी बोलतात.

परीक्षा देऊन थेट लागण्याचेही मार्ग आहेत. अणुवीज महामंडळ विद्यावेतनावर प्रशिक्षणार्थी घेते. त्यातल्या दुसऱ्या वर्गासाठी विज्ञान शाखेची बारावी किंवा दहावीनंतर आय.टी.आय. अशी पात्रता असते. परीक्षा अवघड असते, स्पर्धा देशभरातून असते, पण काक्रापार आपल्या दारात आहे आणि तिथे लागलेला मुलगा सुरतेच्याच कुशीत राहतो. दक्षिण गुजरात वीज कंपनीचे मुख्य कार्यालय तर सुरतेतच आहे. तिच्याकडे विद्युत सहायक म्हणून लागणाऱ्याला सुरुवातीची काही वर्षे ठरावीक रकमेवर काढावी लागतात. लाईनवरच्या जागेसाठी आय.टी.आय. लागते आणि खांबावर चढून दाखवावे लागते. (क्रिकेटसाठी घाम गाळणाऱ्या आपल्या पोरांना हे जड जाऊ नये!) कार्यालयातल्या कनिष्ठ सहायकाच्या परीक्षेत गुजराती भाषेचे प्रश्न असतात, तिथे मात्र आपली मुले अडतात.

एका मार्गाकडे कोणाचेच लक्ष नाही आणि तो खास सुरतेचा आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. पांडेसरा, सचिन, पलसाणा, कडोदरा इथल्या प्रोसेसिंग मिलांमध्ये कापड रंगवायला वाफ लागते आणि वाफेसाठी बॉयलर लागतो. तो कोळशावर किंवा लिग्नाइटवर चालतो. आपल्यातल्या कितीतरी जणांचे वडील या मिलांमध्ये आहेत. बॉयलर कोणीही चालवू शकत नाही. त्यासाठी राज्याच्या बॉयलर खात्याची परीक्षा देऊन अटेंडंटचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आधी दुसऱ्या वर्गाचे, मग पहिल्या वर्गाचे. या परीक्षेला बसायचे तर बॉयलरवर प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो, आणि तो अनुभव मिळण्याची जागा आपल्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. काचेच्या नळीतली पाण्याची पातळी, वाफेचा दाब, सेफ्टी व्हॉल्व्ह, तळाचा गाळ काढणे, चिमणीच्या धुराच्या रंगावरून जाळ कसा आहे ते ओळखणे, हे सगळे शिकता येते. मिलच्या छोट्या बॉयलरवर हात बसलेला माणूस पुढे मोठ्या कारखान्याच्या आणि वीज केंद्राच्या बॉयलरवर जातो. आमच्यातला एक असाच गेला. त्याचे वडील त्याच मिलमध्ये जिगर मशीनवर तीस वर्षे होते आणि शेजारच्या खोलीत असे काही प्रमाणपत्र असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. दोघे एकाच गेटने आत जात होते.

खाणीचे थोडक्यात. वस्तान आणि तडकेश्वर या उघड्या खाणी आहेत, बोगदे नाहीत. वरची माती एक्स्कॅव्हेटरने काढून डंपरने हलवायची आणि खालचे लिग्नाइट मोकळे करायचे. मातीचे काम बहुतेक ठेकेदार करतात, त्यामुळे पहिली नोकरी तिथेच मिळते : पंपावर, वजनकाट्यावर, सर्व्हेच्या माणसांबरोबर किंवा डंपरच्या दुरुस्तीत. खाणीत शिरण्याआधी वैद्यकीय तपासणी आणि सुरक्षेचे प्रशिक्षण नियमाने झालेच पाहिजे. ते न देता कोणी कामावर उभे करत असेल तर तिथून परत यावे. ज्याला या कामातच पुढे जायचे असेल त्याने खाणकामाचा डिप्लोमा करावा आणि धनबादच्या खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या ओव्हरमनसारख्या परीक्षा द्याव्यात. विदर्भात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत, तिथे मराठी माणूस परका नाही. (जाता जाता : वस्तानच्या खाणीत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची राळ सापडली आहे आणि तिच्यात अडकलेले किडे जसेच्या तसे आहेत. २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी त्याविषयी प्रसिद्ध केले तेव्हा जगभर चर्चा झाली. शाळेची सहल दरवर्षी डुमसला जाते. परवानगी मिळाली तर एकदा तिकडेही न्यावी.)

कोळसा किती दिवस चालणार, असे कोणी विचारेल. प्रश्न बरोबर आहे. खाण कधीतरी संपते, आणि घरांच्या छतांवर सौर पट्ट्या चढत आहेत हे आपण रोज पाहतो. २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आल्यापासून तर फारच. पण त्या पट्ट्या बसवायलाही इलेक्ट्रिशियन लागतो. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांचे हात इंधन बदलले म्हणून बेकार होत नाहीत. बेकार होतो तो फक्त पाटी उचलणारा.

आता एका दुखऱ्या विषयावर. आपल्या वस्त्यांत असे दलाल फिरतात जे "ओ.एन.जी.सी.चे जॉइनिंग लेटर" लाखा-दोन लाखांत देतो म्हणतात. कागदावर शिक्का असतो, सही असते, मुंबईतला पत्ता असतो. एका कुटुंबाने गावाकडची, शिरपूर बाजूची, जमीन गहाण टाकून असे पैसे भरलेले आम्हांला माहीत आहे. मुलगा नव्या बुटांत गेटवर गेला आणि सुरक्षारक्षकाने कागद परत दिला. सरकारी कंपन्यांची भरती त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आणि 'रोजगार समाचार'मध्ये जाहीर होते. शिकाऊ उमेदवारीसाठी तर नोंदणी करायला एक रुपयाही लागत नाही. जो घरी येऊन पैसे मागतो त्याला चहासुद्धा देऊ नये.

भाषेबद्दल बोलायलाच हवे, कारण ही मराठी शाळा आहे आणि "मराठीत शिकल्याने पोरं मागे पडली" हे वाक्य आम्ही याच शाळेच्या पालकसभेत ऐकले आहे. आपली मुले घरी अहिराणी, वर्गात मराठी, गल्लीत गुजराती आणि खात्यात हिंदी बोलतात. चार भाषा सहज बोलणारा मुलगा मंद असतो काय? अडचण निराळीच आहे. आय.टी.आय.चे वर्ग गुजरातीत होतात आणि प्लांटचे कागद इंग्रजीत असतात. प्लांटमध्ये कोणतेही काम 'परमिट'शिवाय सुरू होत नाही. ठिणगी उडणाऱ्या कामाचे वेगळे, टाकीत उतरण्याचे वेगळे. त्यावर कोणता वायू तपासला, कोणता व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावले, किती वाजेपर्यंत मुभा आहे, हे सारे लिहिलेले असते. न वाचता सही करणारी मुले आम्ही रोज पाहतो.

त्याचा अर्थ काय होतो ते सांगतो. समुद्रातून येणाऱ्या वायूत काही प्रमाणात हायड्रोजन सल्फाइड असतो. तो वेगळा काढणे हे हजिऱ्याच्या प्रकल्पाचे एक मोठे कामच आहे. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास आपण प्रयोगशाळेत घेतला आहे आणि नाक दाबून हसलोही आहोत. पण प्रमाण वाढले की हा वायू नाकच बधिर करतो. वास येईनासा होतो आणि नवखा म्हणतो, "गेला वाटतं." तो गेलेला नसतो, तेव्हाच तो जास्तीत जास्त जवळ असतो. हवेपेक्षा जड असल्याने तो खड्ड्यात, नाल्यात साचतो. म्हणून छातीवरचा डिटेक्टर वाजला की प्लांटवर उंच लावलेल्या कापडी नळीकडे पाहायचे, वारा कुठून येतो ते ओळखायचे आणि वाऱ्याला आडवे किंवा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने बाहेर पडायचे, कधीही वाऱ्याबरोबर धावायचे नाही. कोणी पडलेला दिसला तरी श्वसनाचे उपकरण लावल्याशिवाय त्याला उचलायला जायचे नाही. हे सगळे मराठी शाळेत विज्ञान समजून शिकलेल्या मुलाला दोन मिनिटांत कळते. इंग्रजी शाळेत पाठ करून आलेल्याला ते पाठ असते, एवढेच. समज आपल्याकडे आहे, शब्द नाहीत. शब्द पुरवणे हे शाळेला सहज जमणारे काम आहे. व्हॉल्व्ह, फ्लँज, आयसोलेशन, व्हेंट, ड्रेन असे शे-दीडशे शब्द, त्यांचा अर्थ मराठीत आणि गुजरातीत, आठवी ते दहावीच्या वर्गात भिंतीवर लावता येतील. ती यादी आम्ही तयार करून देतो.

कागदपत्रांत आपण फार हयगय करतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि वडिलांच्या नावाचे स्पेलिंग तिसरेच. हे सगळे नववीतच जुळवून घ्यावे. गुजरात सरकारच्या १९९५ च्या ठरावाप्रमाणे उद्योगांनी ८५ टक्के माणसे स्थानिक घ्यावीत असे धोरण आहे. इथे स्थानिक म्हणजे गुजराती बोलणारा नव्हे, तर ठरलेली वर्षे गुजरातेत राहिलेला. आपण त्यात बसतो, पण कागदाशिवाय बसत नाही. म्हणून रहिवासाचा दाखला काढून ठेवावा. जातीच्या दाखल्याचा प्रश्न अधिक किचकट आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत १९५० साली कुटुंब कोणत्या राज्यात राहत होते हे पाहिले जाते. नंतर आलेल्यांना मूळ राज्याच्या आधारावरचा दाखला केंद्राच्या नोकऱ्यांत उपयोगी पडतो, गुजरात सरकारच्या नोकरीत सवलतीसाठी तो चालत नाही. नंदुरबार-धुळ्याकडून आलेल्या अनेक घरांना हे अर्ज भरायच्या आदल्या रात्री कळते.

आणखी एक, डोळ्यांचे. लाल-हिरवा रंग ओळखण्यात दोष असेल तर वीज आणि प्लांट चालवण्याच्या बऱ्याच जागांसाठी मुलगा वैद्यकीय तपासणीत बाद होतो. हा दोष जन्मजात असतो आणि घरी कोणाला कळतही नाही. ठिपक्यांच्या पुस्तकाने तो पाच मिनिटांत तपासता येतो. चार वर्षे शिकून शेवटच्या दिवशी कळण्यापेक्षा आठवीत कळलेले बरे, म्हणजे वेळीच दुसरा ट्रेड निवडता येतो.

मुलींविषयी पालकांशी आमचे मतभेद आहेत, ते लपवत नाही. खाणीत जमिनीखाली आणि रात्री काम करण्यास स्त्रियांना पूर्वी कायद्याने मनाई होती. २०१९ मध्ये केंद्राने अटींसह ती सैल केली. कारखान्यांतली रात्रपाळीही आता त्यांच्या संमतीने आणि सुरक्षेच्या व्यवस्थेसह खुली झाली आहे. म्हणजे सरकारचे दार उघडले, आमच्या घराचे राहिले. प्रयोगशाळेतले काम, इन्स्ट्रुमेंटचे काम, कंट्रोल रूम, यांत ताकदीचा प्रश्नच नाही. गेल्या काही वर्षांत दहावीला विज्ञानात पहिल्या आलेल्या आपल्या मुलींपैकी किती जणी आज काम करत आहेत, हे शाळेने एकदा विचारून पाहावे. "बस रात्री कुठे सोडते?" हा आईचा प्रश्न रास्त आहे आणि तो कंपनीला विचारावा. तो मुलीला घरी बसवण्याचे कारण होऊ नये.

विश्वस्त मंडळींकडे मागणे असे. शाळेच्या सभागृहात गुणवंतांचा फलक आहे. त्यावर डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, सी.ए. आहेत, आणि आम्हांलाही त्यांचा अभिमान आहे. आय.टी.आय.त पहिला आलेला एकही मुलगा त्यावर नाही. आय.टी.आय.नंतर थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, इथे त्याला 'सी टू डी' म्हणतात, आणि डिप्लोमानंतर पदवीला जाता येते. म्हणजे हा रस्ता कुठे बंद होत नाही, फक्त दुसऱ्या बाजूने जातो. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मंडपावर जितका खर्च होतो त्याच्या पाव हिश्शात दहा मुलांचे आय.टी.आय.चे दोन वर्षांचे बसभाडे, साधने आणि बूट निघतील. शिष्यवृत्तीच्या नियमांत सध्या फक्त 'महाविद्यालयीन शिक्षण' असा शब्द आहे. तो येत्या सभेत बदलावा, असा लेखी अर्ज आम्ही दिला आहे.

आणि निकाल लागल्यानंतरच्या पहिल्या दोन रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत बसणार आहोत. आय.टी.आय.चे अर्ज तिथेच भरून देऊ, पैसे लागणार नाहीत. येताना शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार, रहिवासाचा आणि असल्यास जातीचा दाखला, दोन फोटो आणावेत. आठवी-नववीच्या मुलांनाही घेऊन यावे, ठिपक्यांचे पुस्तक आम्ही आणतो. रात्रपाळी करून येणाऱ्या वडिलांनी झोप मोडून येण्याची गरज नाही, आईसोबत पाठवले तरी चालेल.